मुलाचे ॲपल, जावयांचे गूगल आणि घरात टीव्ही एकच

अमळनेर परिसरातील एका वाचक भगिनींनी नाव न छापण्याच्या विनंतीसह पाठवलेल्या पत्राचा हा सारांश. त्या आणि त्यांचे यजमान मिळून वह्या-पुस्तकांचे दुकान चालवतात. घरात ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई आहेत. बैठकीतला टीव्ही सात-आठ वर्षांचा आहे. त्याचे चित्र अजून स्वच्छ दिसते, मात्र त्यातील ॲप एकेक करून चालेनाशी झाली आहेत. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा म्हणतो की आता सगळे ॲपलचे घ्या, दिवाळीला मी ॲपल टीव्हीचा बॉक्स घेऊनच येतो. जळगावच्या जावयांचे म्हणणे असे की घरातले फोन अँड्रॉइड आहेत, तेव्हा गूगलच सोयीचे. दुकानाच्या खरेदीमुळे ॲमेझॉनचे प्राइम सदस्यत्व आधीपासून आहे, म्हणून शेजाऱ्यांचा आग्रह ॲमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिकचा, म्हणजे टीव्हीला लावून ॲप चालवणाऱ्या छोट्या उपकरणाचा. यजमानांना हा विषय ‘एकदाचा आणि कायमचा’ मिटवायचा आहे. सासूबाई दुपारी अहिराणी गाणी आणि कीर्तने ऐकतात, पत्रलेखिका मराठी मालिका पाहतात, यजमानांना क्रिकेट लागते आणि सुटीत नातवंडे येतात. मुलाचे ऐकावे तर जावई दुखावतील आणि जावयांचे ऐकावे तर मुलगा, अशी त्यांची अडचण आहे. मनोरंजनासाठी या तिन्हींपैकी सर्वांत चांगली कंपनी कोणती आणि घरात हे सांगायचे कसे, असे त्या विचारतात.

ताई, सस्नेह नमस्कार.

आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगाची माहिती आपण जाता जाता, शेवटच्या परिच्छेदात दिली आहे. ती म्हणजे घरात कोण काय पाहते. आधी तिच्याकडे पाहू या. आपल्या मालिका झी मराठीवरच्या असतील तर त्या झी फाइव्हवर मिळतात आणि स्टार प्रवाहवरच्या असतील तर जिओहॉटस्टारवर. यजमानांचे आयपीएलसुद्धा जिओहॉटस्टारवरच आहे. जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एकत्र करून हे ॲप फेब्रुवारी 2025 मध्ये सुरू झाले. सासूबाईंची अहिराणी गाणी आणि कीर्तने यांचे घर म्हणजे युट्यूब. खान्देशातले कलाकार आपली गाणी आणि विनोदी व्हिडिओ तिथेच टाकतात. मोठ्या कंपन्यांच्या सशुल्क सेवांमध्ये अहिराणी शोधायला गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. म्हणजे ज्या तीन कंपन्यांवरून आपल्या घरात मतभेद झाले आहेत, त्यांपैकी ॲपल आणि ॲमेझॉन यांच्या स्वतःच्या कार्यक्रमांवाचून आपल्या घरात कोणाचेच अडत नाही. गूगलचे युट्यूब तेवढे लागते, पण ते तिन्ही कंपन्यांच्या उपकरणांवर चालते. झी फाइव्ह आणि जिओहॉटस्टारही तिन्हींवर चालतात. ‘सर्वांत चांगली कोणती’ हा प्रश्न आपल्या बैठकीच्या खोलीत आल्यावर असा निम्म्याने लहान होतो.

तरीही या कंपन्यांमध्ये फरक आहे आणि तो समजून घ्यायला हवा. ॲपलची मुख्य कमाई उपकरणे विकण्यातून होते. त्यामुळे तिचा बॉक्स महाग असतो. 2022 साली आलेल्या बॉक्सची भारतातील किंमत 14,900 रुपयांपासून सुरू झाली. एवढ्या पैशांत तो टिकतोही तसाच. 2015 साली बाजारात आलेल्या ॲपल टीव्हीला 2024 सालीही नवी प्रणाली मिळाली, आणि असे भाग्य आपल्या टीव्हीला लाभले असते तर हे पत्र लिहिण्याची वेळच आली नसती. आपल्या मुलाचा आग्रह निराधार नाही, हे यासाठी सांगतो. अडचण अशी की या बॉक्सची निम्मी गंमत हातात आयफोन असला तरच आहे. फोनवरचे फोटो किंवा व्हिडिओ एअरप्लेने टीव्हीवर टाकणे, रिमोटऐवजी फोनच्या कीबोर्डवर पासवर्ड लिहिणे या सोयी त्याच्या आयफोनवर सहज चालतील. आपल्या आणि यजमानांच्या अँड्रॉइड फोनवर त्या तशा मिळणार नाहीत. मुलगा दिवाळीचे चार दिवस असेल, बॉक्स वर्षभर आपल्याकडे असेल. (त्यातच ऑक्टोबर 2025 मध्ये कंपनीने आपल्या मालिका-चित्रपटांच्या सेवेच्या नावातील ‘प्लस’ काढून टाकले. आता बॉक्स, ॲप आणि सेवा या तिन्हींना ‘ॲपल टीव्ही’च म्हणतात, तेव्हा फोनवर बोलताना मुलाला यांपैकी नेमके काय म्हणायचे आहे, हे विचारून घ्यावे.)

गूगलचा व्यवसाय मुख्यतः जाहिरातींवर चालतो. म्हणून गूगल टीव्ही ही प्रणाली अनेक कंपन्यांच्या स्वस्त-महाग टीव्हींत आणि स्टिकमध्ये मिळते, आणि पडद्यावर काय दिसावे यात जाहिरातीचा वाटा असतो. ॲमेझॉनला आपण तिच्या दुकानात येत राहावे असे वाटते. प्राइममध्ये लवकर येणारे पार्सल आणि चित्रपट एकाच वर्गणीत बांधले आहेत ते यासाठीच. आपण 1,499 रुपये भरता ते दुकानाच्या मालासाठी, आणि चित्रपट त्यासोबत येतात. 17 जून 2025 पासून भारतातील प्राइम व्हिडिओवर जाहिराती सुरू झाल्या आहेत. त्या नको असतील तर वर्षाचे 699 किंवा महिन्याचे 129 रुपये वेगळे मागितले जातात. सदस्यत्व आहेच, म्हणून स्टिकही त्याच कंपनीची घ्यावी, हा शेजाऱ्यांचा तर्क मला पटत नाही. प्राइम व्हिडिओचे ॲप गूगल टीव्हीवरही आहे आणि ॲपलच्या बॉक्सवरही आहे.

एकाच कंपनीचे सगळे घेतले की सगळे सुरळीत चालते, हा समज पूर्ण चुकीचा नाही, पण तो कंपन्यांना जास्त सोयीचा आहे. या कंपन्यांची आपसात भांडणे झाली तेव्हा झळ गिऱ्हाइकांना बसली. ऑक्टोबर 2015 मध्ये ॲमेझॉनने आपल्या दुकानातून ॲपल टीव्ही आणि गूगलचे क्रोमकास्ट हे तशाच कामाचे उपकरण यांची विक्री थांबवली. ॲपलच्या बॉक्सवर प्राइम व्हिडिओ यायला 2017 चा डिसेंबर उजाडला. त्याच सुमारास गूगलने फायर टीव्हीवरून युट्यूब काढून घेतले, आणि ते परत आले जुलै 2019 मध्ये. त्या काळात ज्यांच्या घरी फायर टीव्ही होता, त्यांना युट्यूब पाहण्यासाठी ब्राउझरच्या आडवाटेने जावे लागत होते. आपल्या सासूबाईंना ते जमले नसते. आज समेट आहे, पुढेही राहील असे समजून चालावे. तरी आपली सगळी सोय एकाच कंपनीवर सोपवू नये, एवढे यातून निश्चित निघते.

आता यजमानांच्या ‘कायमचा’ या शब्दाकडे वळतो. दुकानाचे फर्निचर एकदा केले की वीस वर्षे पाहावे लागत नाही, त्यामुळे त्यांना तसे वाटणे समजण्यासारखे आहे. या व्यवसायात मात्र मोठ्यात मोठी कंपनीही आपली सेवा गुंडाळते. गूगल प्ले म्युझिक डिसेंबर 2020 मध्ये बंद झाले आणि त्याच्या ग्राहकांना युट्यूब म्युझिककडे जावे लागले. गूगलचीच स्टेडिया ही गेमची सेवा नोव्हेंबर 2019 मध्ये सुरू होऊन 18 जानेवारी 2023 रोजी संपली; ती भारतात आलीच नव्हती, पण जिथे होती तिथल्या ग्राहकांना कंपनीने गेमचे आणि उपकरणांचे पैसे परत केले. मायक्रोसॉफ्टने 2019 साली ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा विकलेली पुस्तके ग्राहकांच्या उपकरणांतून नाहीशी झाली आणि पैसे परत मिळाले. ॲमेझॉनने 2009 साली हक्कांच्या वादामुळे एका प्रसिद्ध कादंबरीच्या विकलेल्या प्रती लोकांच्या किंडलमधून (ई-पुस्तके वाचण्याच्या उपकरणातून) दूर बसून पुसल्या आणि नंतर कंपनीच्या प्रमुखांना माफी मागावी लागली. यांतल्या बहुतेक उदाहरणांत पैसे परत मिळाले, हे खरे. पण आपल्या दुकानातून एखाद्या मुलाने वही विकत नेली, आणि वर्षभराने आपण त्याच्या दप्तरातून ती काढून घेऊन पैसे हातावर ठेवले, तर गावात काय बोलले जाईल याची कल्पना करावी.

म्हणून या कंपन्यांच्या ॲपवर ‘खरेदी करा’ असे बटण दिसले तरी आपण त्याला दीर्घ मुदतीचे भाडेच समजावे. एखादा चित्रपट एकदाच पाहायचा असेल तर तो भाड्याने घ्यावा, ‘खरेदी’च्या नावाखाली जास्त पैसे देऊ नयेत. याला संगीत हा अपवाद आहे, आणि त्याचे श्रेय ॲपलला द्यायला हवे: 2009 पासून आयट्यून्स या तिच्या गाण्यांच्या दुकानातून विकत घेतलेली गाणी कुलपाविना मिळू लागली, त्यांची प्रत काढून ती कुठल्याही उपकरणावर वाजवता येते. दरमहा वर्गणी भरून ऐकलेली गाणी मात्र वर्गणी थांबली की बंद होतात, मग कंपनी कोणतीही असो.

या संदर्भात आपल्या घरातल्या कीर्तनांच्या सीडी आणि लग्नाची व्हीसीडी यांचा आपण ‘अडगळ’ म्हणून उल्लेख केला आहे. तो शब्द कृपया मागे घ्यावा. घरातल्या सगळ्या मनोरंजनात पूर्णपणे आपल्या मालकीची असलेली वस्तू तेवढीच आहे. एखाद्या फोटो स्टुडिओतून किंवा संगणक दुरुस्तीच्या दुकानातून त्या सगळ्यांची पेनड्राइव्हवर प्रत काढून घ्यावी, आणि दुसरी प्रत मुलीकडे जळगावला ठेवावी. आपल्या जुन्या टीव्हीला यूएसबीची जागा असणारच. अशा बहुतेक टीव्हींवर पेनड्राइव्हवरची गाणी थेट वाजतात. एखादी फाइल टीव्हीने नाकारली तर व्हीएलसी नावाचे मोफत ॲप ती चालवते, आणि तेही तिन्ही कंपन्यांच्या उपकरणांवर मिळते. इंटरनेट गेलेले असताना सासूबाईंची दुपार याच पेनड्राइव्हवर निभावेल.

तर मग घ्यावे काय? टीव्हीचे चित्र चांगले असेल तर टीव्ही बदलू नये. त्याच्या एचडीएमआय जोडणीत लावायची एखादी स्टिक किंवा छोटा बॉक्स पुरेसा आहे. फायर टीव्ही स्टिक आणि गूगल टीव्हीची स्टिक यांच्यातला फरक आपल्या वापरापुरता फार मोठा नाही. तरी एकीकडे झुकायचेच तर मी गूगल टीव्हीकडे झुकेन, कारण घरातले दोन्ही रोजचे फोन अँड्रॉइड आहेत, आणि फोनवर चालू असलेले दृश्य एका बोटाने टीव्हीवर पाठवायची सोय तिथे बहुतेक ॲपमध्ये असते. मुलाच्या आयफोनवरूनही युट्यूबसारखी ॲप अशा स्टिकवर दृश्य पाठवू शकतात, म्हणजे तोही अगदीच परका राहत नाही. शाओमीसारख्या कंपन्यांच्या स्टिक काही हजार रुपयांत मिळतात. ती चार-पाच वर्षांनी बदलावी लागणार, हे आजच मनात धरावे. स्वस्त वस्तूचा तोच फायदा आहे, की तिच्यासाठी पुढच्या वेळी पुन्हा कुटुंबाची बैठक भरवावी लागत नाही. घरातले सगळेच फोन आयफोन असते, तर मी आपल्या मुलाच्या बाजूने बोललो असतो. मिश्र फोन असलेल्या इतर वाचकांनाही माझे सांगणे हेच राहील, की टीव्हीजवळ वर्षातले सर्वाधिक दिवस कोणाचा फोन असतो ते पाहून ठरवावे.

बांधिलकी खरी कुठे तयार होते, हे कोणत्याच विक्रेत्याकडून आपल्याला कळणार नाही. स्टिक काढून फेकणे सोपे आहे. खाते सोडून जाणे अवघड आहे. दुकानातला माणूस स्टिक जोडून देताना ‘लॉगिन करा’ म्हणतो, तेव्हा घरात जो तरुण असेल त्याचे खाते टाकले जाते, आणि मग पाहिलेल्या गोष्टी, वर्गण्या, पासवर्ड विसरल्यावर येणारा संदेश हे सगळे त्याच्या फोनकडे जाते. तसे होऊ देऊ नये. टीव्हीसाठीचे खाते आपल्या किंवा यजमानांच्या नावाने, आपल्याच मोबाइल क्रमांकावर काढावे, आणि त्याचा पासवर्ड दुकानाच्या महत्त्वाच्या कागदांसोबत लिहून ठेवावा. सासूबाईंसाठी त्याच खात्यात एक प्लेलिस्ट करावी, म्हणजे त्यांना शोधत बसावे लागणार नाही. भर घालायची असेल तेव्हा फोनवरच्या युट्यूबमध्ये माइकचे चिन्ह दाबून मराठीत बोलले तरी काम होते. गूगलच्या आवाजी टंकलेखनात मराठी 2017 पासून आहे. नातवंडे येतात तेव्हा त्यांची वेगळी प्रोफाइल आणि प्राइम व्हिडिओला पिन, एवढे पुरे.

वर्गण्यांच्या बाबतीत मी आपल्याला एकच नवी वर्गणी सुचवतो, आणि ती कदाचित अनपेक्षित वाटेल: युट्यूब प्रीमियम. ऑगस्ट 2024 च्या दरवाढीनंतर एका व्यक्तीसाठी ती महिना 149 रुपये झाली. घरातली एक व्यक्ती रोज दुपारभर युट्यूबच ऐकत असेल आणि कीर्तन रंगात आल्यावर मध्येच सिमेंटची जाहिरात वाजत असेल, तर या पैशांचे समाधान इतर कोणत्याही सेवेपेक्षा जास्त मिळेल. ‘प्रीमियम लाइट’ हा स्वस्त प्रकारही आहे, पण त्यात संगीतावरच्या जाहिराती जात नाहीत, त्यामुळे सासूबाईंच्या गाण्यांसाठी तो कामाचा नाही. कौटुंबिक वर्गणी घेऊन पुणे आणि जळगाव यांना सामील करून घ्यावे, असा विचार मनात येईल. तिथे अट अशी आहे की सर्वांचा राहण्याचा पत्ता एकच हवा. गूगलचा कुटुंब गट बदलायचा झाल्यास वर्षातून एकदाच बदलता येतो, हेही लक्षात असू द्यावे. प्राइमच्या बाबतीत जानेवारी 2025 पासून एका सदस्यत्वावर पाच उपकरणे आणि त्यांत जास्तीत जास्त दोन टीव्ही अशी मर्यादा आहे. आपला टीव्ही आणि मुलीचा टीव्ही इथेच ती संपते, म्हणून मुलगा पुण्यात तेच सदस्यत्व टीव्हीवर वापरत असेल तर आधी बोलून घ्यावे.

जिओहॉटस्टारची वर्गणी यजमानांच्या क्रिकेटपुरतीच असेल तर हंगाम संपल्यावर ती चालू ठेवायची की नाही, हे आपल्या मालिका ठरवतील. आपोआप पैसे कापले जाण्याची भीती आपण लिहिली आहे, ती थोडी कमी करतो. रिझर्व्ह बँकेच्या 1 ऑक्टोबर 2021 पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशी कपात होण्याच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते. हा संदेश बँक खात्याला जोडलेल्या मोबाइलवर येतो. यूपीआयच्या ॲपमध्ये ‘ऑटोपे’ या नावाखाली यूपीआयवरून भरल्या जाणाऱ्या चालू वर्गण्या एकत्र दिसतात आणि तिथूनच थांबवता येतात. महिन्याचा हिशेब लिहिताना त्या यादीवर एक नजर टाकावी.

दोन गोष्टी खास आपल्या भागासाठी. भुसावळ-जळगावकडे उन्हाळ्यात पारा 44-45 अंशांवर जातो आणि अमळनेर काही फार मागे नसते. अशा वेळी टीव्हीच्या मागे भिंतीला चिकटलेली स्टिक तापून अडखळू लागते. सोबत मिळणाऱ्या किंवा वेगळ्या घेतलेल्या लहान एचडीएमआय वायरने ती थोडी बाहेर मोकळ्या हवेत ठेवावी. तिला वीज टीव्हीच्या यूएसबीतून न देता तिच्या स्वतःच्या ॲडॉप्टरने द्यावी, कारण जुन्या टीव्हीची यूएसबी पुरेशी वीज देईलच असे नाही, आणि मग स्टिक मध्येच बंद पडून दोष इंटरनेटवर जातो.

राहिला मुलगा आणि जावई यांचा प्रश्न. आपण असे गृहीत धरले आहे की यांपैकी एकाची वस्तू घरात आली म्हणजे दुसऱ्याचा शब्द पडला. मला ती भीती आपल्या मनातली अधिक वाटते. दोघांनीही आपापल्या अनुभवावरून प्रामाणिक सल्ला दिला आहे. दोघेही आपल्या हातातल्या फोनसाठी बरोबर आहेत. जावईबापूंना सांगावे की स्टिक निवडणे आणि जोडणे आपल्याकडे. ते जळगावला आहेत, अडले-नडले तर तासा-दीड तासात येऊ शकतात, आणि हे काम जवळच्या माणसाकडेच असायला हवे. मुलाला दिवाळीची वाट न पाहता आत्ताच फोन करावा, म्हणजे बॉक्स विकत घेऊन तो हिरमुसला होणार नाही. त्याच्याकडे आपण दुसरे काम सोपवावे: दिवाळीत घरी आल्यावर आपल्या नावाचे खाते, पासवर्डची नोंद, सासूबाईंची प्लेलिस्ट आणि सीडींच्या प्रती हे सगळे त्याने बसून करून द्यावे, आणि बॉक्सचे पैसे खर्च करायचेच असतील तर त्यातून राउटरसाठी एक छोटा यूपीएस आणावा. वीज गेली की नेट जाते आणि नेट गेले की क्रिकेट थांबते. यजमानांना ॲपलपेक्षा त्या यूपीएसचे कौतुक जास्त वाटेल, असा माझा अंदाज आहे.

त्याने बॉक्स आधीच घेतला असेल, तर मात्र तो नाकारू नये. तो त्याच्या पुण्याच्या टीव्हीला लावून घ्यायला सांगावे. आपण तिकडे जाल तेव्हा तोच पाहता येईल.